वास्कटाचं वाढीव बांधकाम

फोन तिसऱ्यांदा वाजला तेव्हा डेस्मंड हेगने तो उचलला तो पलीकडच्याला फैलावर घेण्यासाठीच. आधीच्या दोन्ही वेळा "आमच्या खिडक्यांना दुहेरी काचा आहेत आणि त्या अजून गळत नाहीत," एवढं सांगून त्याने फोन आपटला होता. क्रॉसबेकमध्ये संध्याकाळच्या चहाच्या वेळी येणारा फोन खिडक्या विकणाऱ्याचा नसला तर मयताचा असतो. आणि डेस्मंडच्या ओळखीतली मरायची घाई असलेली मंडळी मागच्याच हिवाळ्यात उरकली होती.

"मिस्टर हेग, कृपा करा, ठेवू नका," पलीकडची बाई काकुळतीला येऊन म्हणाली. "स्नूकरच्या मानांकन स्पर्धेच्या कचेरीतून बोलतेय. तुम्हाला पात्रता फेरीत जागा मिळालीय. येत्या गुरुवारी."

"मला?"

"राखीव यादीत नाव तुमचंच ना?"

नाव त्याचंच होतं. हौशी खेळाडूंच्या त्या यादीत ते इतक्या तळाशी होतं की त्याच्याखाली फक्त छापखान्याचा पत्ता होता. पण एका व्यावसायिकाचा व्हिसा अडकला, दुसऱ्याला गालगुंड झाले, तिसऱ्याचं लग्न ठरलं, चौथ्याचं मोडलं. आणि यादीतले डेस्मंडच्या वरचे हौशी एक तर स्पेनमध्ये उन्हात पडले होते, नाही तर शहाणे होते. अशा रीतीने, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, नगरपालिकेच्या बांधकाम परवाना खात्यातून निवृत्त झालेला डेस्मंड हेग जगाच्या क्रमवारीत ज्यांची नावं छापतात त्यांच्याशी खेळायला पात्र ठरला.

"तुला दम लागेल," त्याची बायको वेंडी म्हणाली. "जिना चढताना लागतो."

"स्नूकरमध्ये जिना नसतो."

"पोट असतं ना."

पोटाचं पुढे येईलच. आधी हे सांगायला हवं की डेस्मंडला हा सामना नुसता खेळायचा नव्हता, जिंकायचाच होता, आणि त्याला कारण नॉर्मन ड्रॅन्सफील्ड. नॉर्मन क्रॉसबेक सोशल क्लबाचा अध्यक्ष. गेल्या वर्षी त्याला हृदयविकाराचा हलकासा झटका आला. झटका हलका होता, पण त्यातून आलेलं आरोग्याचं वेड भारी होतं. क्लबातली स्नूकरची दोन्ही टेबलं काढून तिथे योगाचा हॉल करायचा, असं त्याने मनावर घेतलं. "दोन टेबलांच्या जागेत चोवीस माणसं लवचीक होऊ शकतात," हे तो भेटेल त्याला सांगे. डेस्मंडने त्या खोलीत तीस वर्षं घालवली होती. दारावरची 'खेळ चालू असताना आत येऊ नये' ही पाटी त्याने स्वतःच्या हाताने रंगवली होती. त्या दाराला अग्निसुरक्षेच्या नियमाप्रमाणे जाड काच बसवायला लावली होती तीही त्यानेच, खात्याच्या खुर्चीत बसून. क्लबाच्या सभेत त्याने असा काही आरडाओरडा केला की शेवटी नॉर्मन बिअरचा ग्लास उंचावून सगळ्यांसमोर म्हणाला, "ठीक आहे. आपल्या क्लबातला एक तरी माणूस मानांकन स्पर्धेत एक तरी सामना जिंकू दे. माझ्या हयातीत टेबलांना हात लावणार नाही!" सूर्य पश्चिमेला उगवल्यावर काय काय करू हे आपण ज्या उदारपणाने सांगतो, त्याच उदारपणाने तो हे बोलला होता.

आणि आता सूर्याचा फोन आला होता.

बातमी गल्लीत पसरायला वेंडीला कुंपणापर्यंत जाऊन येण्याइतका वेळ लागला. पहिला आला तो शेजारचा रेग सग्डन. रेगचं आणि डेस्मंडचं बारा वर्षांचं वैर. रेगने घरामागे काचेची खोली बांधली होती, वृद्ध सासूला ऊन खाता यावं म्हणून. ती मंजूर नकाशापेक्षा वीतभर पुढे आली. डेस्मंडने टेप लावून मोजली आणि पाडायला लावली. सासू पुढे सावलीतच वारली. त्यानंतर क्लबाच्या अंतिम सामन्यात रेग जिंकत आला असताना त्याच्या स्वेटरची बाही पिवळ्या चेंडूला निसटती लागली. स्नूकरमध्ये कपडा लागला तरी फाउल. पंचाने पाहिलं नव्हतं. डेस्मंड त्या सामन्यात कुणीच नव्हता, कडेला बसून सँडविच खात होता. तो तोंडातल्या घासासकट उभा राहिला आणि ओरडला, "फाउल! आणि हे मी सांगायची वेळ यायला नको होती, रेग. हे तू सांगायचं असतंस."

यात डेस्मंडचं चुकलं असं म्हणता येत नाही, आणि हीच त्याच्याबद्दलची सर्वांत चीड आणणारी गोष्ट होती. या खेळात रीतच तशी आहे. पंचाने पाहिलं नसलं तरी आपला फाउल आपण सांगायचा. इतर खेळांत चोर पकडायला कॅमेरे लावतात. इथे चोराने स्वतः हात वर करायचा आणि वर चेहरा सभ्य ठेवायचा.

तेव्हापासून रेग डेस्मंडशी फक्त सल्ला देण्यापुरतं बोले. शत्रूला छळण्याचा क्रॉसबेकमधला तो सभ्य मार्ग आहे.

"डेस, लेका, केळी खा," रेग कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला. "मोठे खेळाडू केळी खातात. आणि बर्नस्लीच्या माझ्या मेव्हण्याने सांगितलंय, सामन्याआधी तीन दिवस बायकोशी भांडायचं नाही."

"एवढ्यासाठी तीन दिवसांची मुदत फार कमी होते," वेंडी आतून म्हणाली.

"आणि वास्कट? वास्कट आहे ना तुझ्याकडे?"

वास्कट होतं. काळं, पुतणीच्या लग्नात शिवलेलं. पुतणीला आता तीन मुलं होती. डेस्मंडने ते चढवलं, श्वास आत घेतला आणि वेंडीने गुडघा टेकून बटणं लावली.

"आता श्वास सोड."

"सोडला तर बटण उडून खिडकी फुटेल."

"मग काय, सगळा सामना श्वास कोंडून खेळणारेस?"

त्यातच बो-टायचं त्रांगडं. वास्कटाबरोबर गळ्यात बो सक्तीचा, आणि डेस्मंडच्या मानेवर नेमका त्याच आठवड्यात पुरळ उठलं. वैद्यकीय कारण असेल तर बो माफ होतो, असं कळल्यावर त्याने कचेरीला फोन लावला.

"होतो माफ," तीच बाई म्हणाली. "डॉक्टरचं प्रमाणपत्र लागेल. आमच्या अर्जावर."

"अर्ज कुठे मिळेल?"

"संकेतस्थळावर. तुमचा खेळाडू क्रमांक टाकला की उघडतो."

"माझा क्रमांक काय?"

"तो तुम्हाला स्पर्धेच्या ठिकाणी, दारावर मिळेल."

"मग तिथेच अर्ज भरतो."

"जरूर. फक्त बो घातल्याशिवाय तुम्हाला दारातून आत घेणार नाहीत."

डेस्मंडला राग आला नाही; कौतुक वाटलं. अशी निर्दोष वर्तुळं त्याने उमेदीच्या काळात स्वतः काढली होती. एका माणसाला तर त्याने कोंबड्यांच्या खुराड्यासाठी दोन वर्षं गोल फिरवलं होतं. परवाना मिळाला तेव्हा कोंबड्या म्हातारपणाने गेल्या होत्या. डॉक्टरकडे फोन केला तर तिथल्या बाईने तीन आठवड्यांनंतरची वेळ दिली आणि विचारलं, "तोवर पुरळ टिकेल ना?"

वास्कटाचा प्रश्न मात्र पलीकडच्या घरातल्या मिसेस पॉलीन ऑक्सली यांनी हातात घेतला. गावातल्या हौशी नाटक मंडळीसाठी त्या राजे, भिकारी आणि समुद्री चाचे शिवत. त्यांनी तोंडात टाचण्या धरून डेस्मंडभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या.

"पाठीत पट्टी घालते. पण मिस्टर हेग, नुसतं रुंद करून भागायचं नाही. तुम्ही वाकलात की शर्टाखालून पोट डोकावतं. समोर दोन बोटं लांब करू या. दोन टोकं खाली येतील, छान दिसतात. मागच्या वर्षी आमच्या चाच्यांच्या सरदाराला अशीच केली होती."

"मी सरदार नाही, मिसेस ऑक्सली."

"पोट तेवढंच आहे."

डेस्मंडने पोशाखाचे नियम दोनदा वाचले. रंग होता, बटणं होती, बूट होते, लांबी नव्हती. नियमात नाही म्हणजे चालतं, असा निवाडा त्याने आयुष्यात पहिल्यांदाच दिला, आणि तोही स्वतःच्या बाजूने. बुधवारी संध्याकाळी तो नवं जुनं वास्कट घालून परसात आला तेव्हा रेग कुंपणाशी होताच.

"समोरच्या बाजूला वाढीव बांधकाम दिसतंय," रेग म्हणाला. "परवानगी काढलीस का?"

"लांबीला मर्यादा नाही. मी बघितलंय."

"हो, मर्यादा बघण्यात तुझा हात कुणी धरणार नाही." रेगने केळ्याची साल सावकाश सोलली. "उद्याची बस ठरवलीय मी. सगळा क्लब येतोय. नॉर्मनसुद्धा."

"तू कशाला येतोयस?"

"तुला खेळताना बघायला, डेस. अगदी पुढच्या खुर्चीत."

सामना शेजारच्या शहरातल्या क्रीडासंकुलात होता. मानांकन स्पर्धा म्हटल्यावर दूरदर्शनवर दिसतो तसा अंधारलेला भव्य हॉल डोळ्यांसमोर येतो. तो पुढच्या फेऱ्यांत. पात्रता फेरी म्हणजे बॅडमिंटनच्या हॉलमध्ये पडदे लावून केलेले कप्पे, प्रत्येकात एक टेबल, छताकडून पोहण्याच्या तलावातल्या क्लोरिनचा वास. भिंतीपलीकडे गरोदर बायकांचा पाण्यातला व्यायाम चालू होता आणि दर थोड्या वेळाने शिट्टी वाजे. क्रॉसबेकहून आलेल्या बसभर माणसांसाठी अकरा खुर्च्या होत्या. रेगने पहिली धरली, नॉर्मनने दुसरी. बाकीचे भिंतीला पाठ लावून, चिप्सची न फोडायची पाकिटं मांडीवर घेऊन बसले. मिसेस ऑक्सली आपलं शिवणकाम नीट दिसेल अशा बाजूला उभ्या होत्या.

समोर होता गॅरेथ प्रॉबर्ट. वेल्सचा, चाळिशीचा, डोळ्यांखाली पिशव्या. व्यावसायिक म्हणून त्याची वीस वर्षं गेली होती आणि क्रमवारीत तो असा घसरत आला होता की हा सामना हरला तर व्यावसायिकांच्या यादीतूनच बाहेर. हे डेस्मंडला पंचाने हळूच सांगितलं. सांगायची काही गरज नव्हती. पण पंच दिवसभर गप्प उभे असतात, त्यांनाही माणसाचं पोट आहे.

चार डाव आधी जिंकेल तो विजयी. पहिले तीन डाव प्रॉबर्टने असे घेतले की डेस्मंडचा वेळ मुख्यतः खुर्चीत बसून पाणी पिण्यात गेला. पाणी तो उत्तम प्यायला. मानेवर बो करकचून बसला होता, पुरळाला घाम लागत होता, आणि खाजवावं तर सगळा क्लब बघत होता.

मध्यंतरात वेंडी आली. तिने रुमालाने त्याची मान टिपली.

"घरी जाऊ या का?"

"तीन-शून्य आहे फक्त."

"डेस्मंड, तू मला आवडतोस हे मी तुला शेवटचं कधी सांगितलं होतं?"

"आठवत नाही."

"हरलास की सांगेन. जिंकलास तर तुझं डोकं इतकं फिरेल की उपयोग नाही."

मग कसं कुणास ठाऊक, प्रॉबर्टचा हात जड झाला. ज्याला हरणं परवडत नाही त्याचा हात असाच ऐन वेळी जड होतो. त्याचे सोपे चेंडू पॉकेटच्या तोंडाशी येऊन थबकू लागले. चौथा डाव डेस्मंडने घेतला. पाचव्यात त्याचा एक लाल चेंडू तीन कडांना आपटून चुकून पॉकेटमध्ये गेला. रीतीप्रमाणे त्याने हात वर करून माफी मागितली, आणि ती मागताना त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की माफी रद्दच धरावी. सहावाही त्याने घेतला. तीन-तीन. नॉर्मन ड्रॅन्सफील्डने बोटांनी आपली नाडी तपासली.

शेवटचा डाव तासभर रेंगाळला. पाण्यातल्या बायका व्यायाम आटोपून घरी गेल्या, शिट्ट्या थांबल्या. टेबलावर पांढऱ्याखेरीज दोनच चेंडू उरले, गुलाबी आणि काळा. गुलाबीचे सहा गुण, काळ्याचे सात. डेस्मंड पाच गुणांनी पुढे होता. गुलाबी पडला की नॉर्मनच्या हयातीपुरती टेबलं वाचली.

चेंडू अवघड नव्हता, लांब होता. मध्ये काळा असा बसला होता की त्याच्यावरून वाकून जावं लागणार. डेस्मंड वाकला. एक पाय हवेत, हनुवटी क्यूच्या काठीवर, श्वास कोंडलेला. आणि पोटाखाली, जिथे मिसेस ऑक्सलींची दोन बोटं होती तिथे, त्याला काहीतरी गार, गोल, गुळगुळीत जाणवलं. वास्कटाच्या टोकाने काळ्याला विचारपूस केल्यासारखा स्पर्श केला. काळा केसभर हलला.

हात मात्र आधीच निघाला होता. गुलाबी सरळ पॉकेटमध्ये गेला.

भिंतीला टेकलेला सगळा क्लब उसळला. चिप्सची पाकिटं एकदम फुटली. प्रॉबर्टने डोळे मिटले, उघडले, आणि हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. पंच दुसऱ्या बाजूला उभा होता. त्याला डेस्मंडची रुंद पाठच दिसली होती. जगात कुणालाही काही कळलेलं नव्हतं.

डेस्मंडने सरळ होत पहिल्या खुर्चीकडे पाहिलं. रेग सग्डन टाळ्या वाजवत नव्हता. तो मान खाली घालून डेस्मंडच्या वास्कटाच्या टोकाकडे एकटक बघत होता. शांतपणे. बारा वर्षं या एका क्षणाची वाट बघत बसलेल्या माणसासारखा.

माणूस सत्य बोलतो त्याला नाना कारणं असतात. काहींना देवाची भीती असते, काहींना आईची शिकवण. डेस्मंडला रेगची भीती वाटली. रेग आता उठेल, सगळ्या क्लबासमोर उभा राहील, आणि म्हणेल: हे मी सांगायची वेळ यायला नको होती.

"फाउल," डेस्मंड म्हणाला.

"काय?" पंचाने विचारलं.

"काळ्याला वास्कट लागलं. फाउल."

"तुमची खात्री आहे, मिस्टर हेग?"

"माझं वास्कट आहे."

अशी शांतता पसरली की तलावात थेंब पडल्याचं ऐकू यावं. पंचाने गुलाबी बाहेर काढून जागेवर ठेवला आणि प्रॉबर्टला सात गुण दिले. पाचने पुढे असलेला डेस्मंड दोनने मागे पडला. प्रॉबर्टने सन्मान म्हणून क्यूने टेबलाच्या कडेवर दोनदा टकटक केलं. सन्मान संपल्यावर त्याने गुलाबी घातला. तो आठने पुढे गेला, काळ्याचे सातच; सामना संपला.

"भला माणूस आहेस," हात मिळवताना प्रॉबर्ट पुटपुटला. "पोरांना सांगेन तुझ्याबद्दल. पण खरं सांगू? मी नसतो बोललो." दुसऱ्या दिवशी तो पुढचा सामना चार-शून्यने हरला आणि यादीतून बाहेर पडला. त्या सत्याचा त्यालाही फार उपयोग झाला नाही.

मिसेस ऑक्सली दारातच भेटल्या. "म्हणजे माझ्या शिवणीचा दोष! भर सभेत!" त्यानंतर त्या डेस्मंडशी बोलल्या नाहीत. चाच्यांच्या सरदाराने कधी तक्रार केली नव्हती.

परतीच्या बसमध्ये मयतासारखं वातावरण होतं, पण मयताला निदान मेलेल्याला कुणी शिव्या देत नाही. मागच्या बाकांवरून "प्रामाणिक गाढव" इथपासून पुढची विशेषणं येत होती. एकटा नॉर्मन खुशीत होता. "केवढा सन्मान क्लबाचा!" तो म्हणत होता. "डेस्मंड, आपण तुझ्या नावाने फलक लावणार. पितळी." वेंडीने नवऱ्याचा हात हातात घेतला आणि मध्यंतरात कबूल केलेलं ते वाक्य त्याच्या कानात सांगितलं. डेस्मंडला ते नीट ऐकू आलं नाही. तो उठून रेगच्या शेजारी जाऊन बसला.

"तू गप्प का राहिलास?" त्याने विचारलं. "बघितलं होतंस ना?"

"काय बघितलं होतं?"

"वास्कट. काळ्याला लागलेलं."

रेगने त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं. "मला काय दिसणार, डेस? माझा चष्मा पायाशी पडला होता. तो शोधत होतो. मान वर केली तर सगळे नाचत होते आणि समोर काहीतरी काळं-काळं धूसर लोंबत होतं. म्हटलं, ही मिसेस ऑक्सलींची टोकं असणार."

बस चढावर लागली होती आणि गिअर कुरकुरत होता.

"म्हणजे तू माझ्यासाठी बोललास?" रेगने थोड्या वेळाने विचारलं. "माझ्या धाकाने?"

"हो."

"वीतभर भिंतीसाठी तू माझी खोली पाडलीस," रेग म्हणाला. "मी बारा वर्षं समाधानाने तुला शिव्या दिल्या, की हा दुसऱ्यांनाच नियम लावतो. आता दोन बोटं कापडासाठी स्वतःलाच पाडून बसलास. म्हणजे तू सगळ्यांशी सारखाच गाढव आहेस. आता मी काय करू, सांग. धड द्वेषही करता येईना तुझा." आणि बारा वर्षांत पहिल्यांदा कसलाही सल्ला न देता तो झोपी गेला.

टेबलं त्याच महिन्यात गेली. त्यांच्या हिरव्या कापडाचे तुकडे आठवण म्हणून वाटले. रेगने आपल्या तुकड्यावर कुंडी ठेवली. पितळी फलक मात्र खरंच लागला: 'डेस्मंड हेग, ज्यांनी नियमाचा मान राखला.' तो योगाच्या हॉलमध्ये होता, जिथे पहिलं टेबल असे त्याच्या वर.

डेस्मंड बरेच दिवस तिकडे फिरकला नाही. मग एका दुपारी गेला. दारावर त्याचीच पाटी होती. चांगली रंगवलेली पाटी फेकून कशाला द्यायची म्हणून नॉर्मनने तीच ठेवली होती. 'खेळ' या शब्दावर फक्त कागद चिकटवून 'योग' लिहिलं होतं. योग चालू होता, म्हणून आत जाता येत नव्हतं. डेस्मंड बाहेर उभा राहिला. काचेतून फलकाची एक कड चमकताना दिसत होती, आणि तिच्याखाली चोवीस माणसं वाकली होती. सगळ्यांत पुढे नॉर्मन ड्रॅन्सफील्ड. नॉर्मन हळूहळू लवचीक होत होता, आणि त्याच्या सदऱ्याचं टोक पुढ्यात ठेवलेल्या मोठ्या निळ्या चेंडूला लागत होतं.

"फाउल," डेस्मंड म्हणाला.

आत कुणाला ऐकू गेलं नाही. काच जाड होती. नियमाप्रमाणे.